दीपपालाचा मुखवटा

मी एक जुना मुखवटा आहे. नुसता तोंडावर बांधायचा नव्हे. डोक्यावरून घातला की थेट खांद्यांवर टेकणारा, मोठ्या पातेल्याएवढा पोकळ. माझ्या कपाळावर एक छोटा दिवा आहे. डोळ्यांच्या जागी काळी काच आहे. खरं तर ती काच नाही, मोडक्या गॉगलचं प्लास्टिक आहे. पण मित्रांनो, इतकी वर्षं इमानेइतबारे काढल्यावर एवढी फुशारकी मला मारू द्या. माझा रंग मूळचा गडद निळा होता. आता कुठला आहे ते विचारू नका.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. ज्याच्यासाठी मला बनवलं, तो माणूस कधी जन्मलाच नव्हता. तरीही त्याच्यासाठी मी धडधाकट माणसांना रडताना पाहिलंय. या गोष्टीचं मला पहिल्या दिवशी नवल वाटलं आणि आजही तेवढंच वाटतं.

मला बनवणाऱ्या मुलीला घरात गोटी म्हणत. लहानपणी ती एका जागी ठरत नसे, म्हणून हे नाव पडलं आणि ती मोठी झाली तरी चिकटून राहिलं. तिचे बाबा सोफे आणि खुर्च्या मढवायचे. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं काम चाले, त्यामुळे घरात यायचं तर कोणाच्या तरी उघड्यावाघड्या खुर्चीला वळसा घालूनच यावं लागे.

गोटी सोळा वर्षांची असताना टीव्हीवर दीपपालाची मालिका सुरू झाली. अंतराळात एक दीपस्तंभ असतो. वाट चुकलेली यानं त्याला हाक मारतात. स्तंभात दीपपाल एकटाच राहतो. तो मुखवटा कधी काढत नाही, कोणाशी लढत नाही, कोणाचा सूड घेत नाही. हाक आली की एवढंच म्हणतो, "मी इथे आहे. बोलत राहा." मग समोरचा बोलत राहतो आणि बोलता बोलता त्याला वाट सापडते. कधी सापडतही नाही. तरी दीपपाल ऐकत असतो.

"यात बघायचं काय?" असं बाबांनी पहिल्या भागाला विचारलं. "मारामारी नाही, गाणं नाही, नुसता फोनवर बोलतोय. त्यापेक्षा आपली आत्या बरी, ती निदान फोनवर भांडते तरी." पण पुढच्या आठवड्यात वेळ झाली तसे तेच हातातला खिळा बाजूला ठेवून समोर येऊन बसले. आईला कळलं, गोटीलाही कळलं.

मी जन्मलो तो आणखी पाचेक वर्षांनी. गोटीनं व्यायामाची जाड, फोमची चटई आणली आणि माप घ्यायला बसली. आता स्वतःच्या डोक्यावर स्वतःला रेघा कशा मारता येणार? म्हणून तिनं बाबांना स्टुलावर बसवलं, त्यांचं डोकं पातळ प्लास्टिकनं गुंडाळलं, वरून चिकटपट्टी लावली आणि पेनानं रेघा आखल्या. बाबा कोबीसारखे दिसत होते. नेमकं तेव्हाच एक गिऱ्हाईक आपली आरामखुर्ची विचारायला आलं. बाबा नाकापाशी ठेवलेल्या भोकातून जमेल तेवढ्या रुबाबात म्हणाले, "मंगळवारी मिळेल." गिऱ्हाईक एक अक्षर न बोलता परत गेलं.

त्या रेघांवरून चटई कापली. गरम हवेनं ती मऊ करून गुडघ्यावर वाकवली. मग बाबांचाच सोफ्याचा गोंद. हा गोंद मोठा मानी असतो. दोन्ही कडांना लावायचा, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबायचं आणि मग एकदाच दाबायचं. चुकलं तर पुन्हा हलवायची सोय नाही. गोटीच्या अंगात उतावळेपणा मुरलेला, पण माझ्या प्रत्येक जोडाला ती थांबली. मी पुरा झालो तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं की माप बाबांचं आणि घालणार गोटी. तिनं मान वळवली की मी आपला समोरच बघत राही. आई हसून हसून खाली बसली. शेवटी आतून सोफ्याच्या फोमचे तुकडे भरले आणि मी तिचा झालो.

माझं खरं आयुष्य सुरू झालं ते मेळाव्यात. दीपपालाचे चाहते स्वतःला 'वाती' म्हणवत. वर्षातून एकदा एका मोठ्या सभागृहात सगळ्या वाती जमत. बँकेतला रोखपाल असे, परिचारिका असे, दोन मुलांची आई असे, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर माझा एकेक भाऊ. दिवसभर फोटो, गप्पा, कोणाचा जोड किती सफाईदार यावरून चढाओढ. पण शेवटी सभागृहातले दिवे मालवत. सगळे आपापल्या कपाळावरचा दिवा लावत. मग ज्याला वाटेल त्यानं शेजारच्याला अशी एक गोष्ट सांगायची, जी त्यानं कोणालाच सांगितलेली नाही. शेजारच्यानं सल्ला द्यायचा नाही, हळहळायचं नाही. फक्त म्हणायचं, "मी इथे आहे. बोलत राहा."

पहिल्याच वर्षी तो रोखपाल आमच्या शेजारी होता. चांगला धिप्पाड माणूस. म्हणाला, "माझी आई आता मला ओळखत नाही. मी रोज तिला नवीन माणूस म्हणून भेटतो." माझ्या आतून गोटीनं ते वाक्य म्हटलं. तिचा श्वास माझ्या भिंतींना लागला, गरम आणि थरथरता. माझ्या पोकळीत एक जिवंत माणूस मावलाय, आणि त्याच्या ओठांवर न जन्मलेल्या माणसाचे शब्द आहेत, आणि ते ऐकून तिसराच माणूस मोकळा होऊन रडतोय. मित्रांनो, मी चटईपासून बनलेला. मला हे कसं कळावं? मी अवाक झालो. सभागृहभर दिवेच दिवे होते आणि सगळीकडून तेच वाक्य हळू आवाजात ऐकू येत होतं.

गोटी मात्र मेळाव्यापुरतीच अशी असे. एरवी तिची नोकरी होती. लिफ्टमध्ये संकटात दाबायचं लाल बटण असतं ना, ते दाबलं की घंटा जिथे वाजते त्या खोलीत ती बसायची. इमारत कोणती, मजला कोणता हे विचारायचं, मेकॅनिकला कळवायचं, आणि ठरलेलं वाक्य म्हणून संभाषण संपवायचं: "तुमची तक्रार नोंदवली आहे. कृपया शांत राहा." जास्त बोलायची परवानगी नव्हती, कारण दुसरी घंटा वाजू शकते.

"मी शांत राहा म्हणते आणि बंद करते," ती घरी वैतागून म्हणायची. "याला काय काम म्हणायचं?"

"पगार वेळेवर येतो, त्याला काम म्हणायचं," आई म्हणायची.

गोटीच्या बरोबरीच्या मुली कुठे कुठे पोचल्या. कोणाचं लग्न झालं, कोणी परदेशी गेली. ही संध्याकाळी आली की माझी धूळ पुसायची, एखादा ओरखडा रंगवायची आणि दीपपालाचे जुने भाग बघत बसायची. पाहुणे मला पाहून विचारत, "हे अजून चालू आहे का हिचं?" गोटी हसून वेळ मारून न्यायची. पण ते गेले की बराच वेळ माझ्याकडे बघत बसायची, आणि मला तिची काळजी वाटायची.

मग मालिकेचा शेवट आला. सगळं घर समोर बसलं होतं. मी गोटीच्या मांडीवर. शेवटच्या भागात एक बाई दीपपालाचे आभार मानायला स्तंभावर जाते. तो खुर्चीत बसलेला असतो. ती त्याचा मुखवटा हळूच काढते. आत कोणी नसतं. एक लहानशी पेटी असते आणि तिच्यात टेप फिरत असते. दीपपाल फार पूर्वीच मेलेला असतो. इतकी वर्षं सगळी यानं टेपशी बोलत असतात.

"म्हणजे आत कोणीच नव्हतं?" बाबांनी विचारलं. गोटी मला खाली ठेवून उठली आणि भांडी घासायला लागली. ती आधीच घासून ठेवलेली होती. बाबा तिच्यामागे स्वयंपाकघरात गेले.

"दहा वर्षं, बाबा," ती पाठमोरीच म्हणाली. "दहा वर्षं मी एका टेपला जीव लावला. काय मूर्ख आहे मी."

बाबांना तिची समजूत घालायची होती. त्यांनी एक घासलेलं पातेलं उचललं. शेवटी ते म्हणाले, "चहा टाकू का?"

मला कपाटावर टाकण्यात आलं, तुटक्या चाकाच्या बॅगेशेजारी. माझ्या दिव्यातला सेल तिथेच फुगला. वाती एकमेकांवर चिडल्या, मेळावा झाला नाही. मित्रांनो, मी पोकळ आहे हे मला पहिल्यापासून माहीत होतं, पण त्याची लाज मला तोवर कधी वाटली नव्हती. कपाटावर पडल्या पडल्या वाटू लागली.

आणि नशिबाचा खेळ बघा. त्याच सुमारास गोटीच्या कंपनीनं ठरवलं की संकटाच्या घंटेला यापुढे माणसाऐवजी टेप उत्तर देईल. खोलीतल्या लोकांना दुसऱ्या विभागात पाठवणार होते. खोलीच्या प्रमुख बाई, ज्यांना सगळे मॅडम म्हणत, त्यांना गोटीनं सांगून टाकलं की मी नव्या जागी येणार नाही.

"मग काय करशील?" मॅडमनी विचारलं.

"माहीत नाही. पण मी जे करत होते ते टेपला जमतंय, म्हणजे मी काही करतच नव्हते."

घरी येऊन तिनं मला खाली काढलं आणि कापडी पिशवीत घातलं. शेजारच्या टेबलावरच्या सहकारी ताईच्या मुलीला शाळेत नाटकासाठी असलं काहीतरी हवं होतं. "घेऊन जा, परत नको देऊस," असं गोटीनं दुसऱ्या दिवशी कामावर ताईला सांगितलेलं मी पिशवीतून ऐकलं. मला रडता येत असतं तर त्या दिवशी मी रडलो असतो.

टेपची चाचणी होती तो हाच दिवस. गोटीच्या टेबलाखाली पिशवीत मी, चेन अर्धी उघडी म्हणून थोडंफार दिसत होतं; वर स्पीकर चालू. मॅडमनी बजावलं होतं, "टेप बोलत असताना कोणी मधे बोलायचं नाही. माणसं तिच्यावर किती वेळ थांबतात ते वरच्यांना बघायचंय. पत्ता यंत्रच मेकॅनिकला कळवेल." दुपारपर्यंत सुरळीत चाललं. दोन-तीन जणांनी बटण दाबलं, टेप ऐकली, शिव्या दिल्या आणि सुटले.

मग एका वयस्क बाईंचा आवाज आला. "अहो, लिफ्ट थांबली हो. दिवापण गेलाय."

"तुमची तक्रार नोंदवली आहे. कृपया शांत राहा," टेप म्हणाली.

"शांतच आहे मी. पण कितीसा वेळ लागेल?"

"तुमची तक्रार नोंदवली आहे. कृपया शांत राहा."

"तुमचं नाव काय म्हणालात, बाई?"

टेपनं पुन्हा तेच सांगितलं. त्या बाई सभ्य होत्या. त्यांना वाटलं, समोरची मुलगी कामात असेल. "बरं, नाव नका सांगू," त्या म्हणाल्या. "नुसतं हो म्हणा. म्हणजे मला कळेल कोणी आहे." टेपनं हो म्हटलं नाही. हळूहळू त्यांचा श्वास जोरात ऐकू यायला लागला, धाप लागल्यासारखा. मेकॅनिक गर्दीत अडकल्याचं समोरच्या पडद्यावर दिसत होतं. ताईनं गोटीकडे पाहिलं. गोटी मॅडमच्या बंद दाराकडे पाहत होती.

"कोणी आहे का तिथे?" बाईंनी विचारलं. आवाज अगदी बारीक झाला होता.

गोटीनं खटका दाबून टेप तोडली. ठरलेलं वाक्य तिच्या ओठांवर यायला हवं होतं. इतकी वर्षं तेच म्हणत होती ती. पण आलं ते भलतंच.

"मी इथे आहे," ती म्हणाली. "बोलत राहा."

मित्रांनो, मी टेबलाखाली होतो. तिच्या डोक्यावर नव्हतो, माझा दिवा बंद होता, माझी काळी काच पिशवीच्या चेनला दाबलेली होती. माझ्यावाचून, उघड्या चेहऱ्यानं, भर दुपारी ते वाक्य म्हटलं गेलं. खोटं कशाला बोलू, मला थोडं वाईट वाटलं. आणि मग मी इतका थक्क झालो की वाईट वाटायचं विसरून गेलो.

तिकडून बाई म्हणाल्या, "ही दुसरी टेप वाटतं."

"नाही हो काकू, मी खरीच माणूस आहे."

"टेपही असं म्हणू शकते."

गोटी गोंधळली. आपण माणूस आहोत हे पटवायचं कसं, याचं शिक्षण तिला कोणी दिलं नव्हतं. "मग काय करू?" तिनं विचारलं.

"भांड माझ्याशी. टेप भांडत नाही."

"कशावरून भांडू?"

"माझ्या पिशवीत अंडी आहेत. अंडं ठेवताना निमुळतं टोक खाली ठेवावं. बोल."

"वर ठेवावं," गोटी म्हणाली. "आमच्याकडे वरच ठेवतात."

"तुमच्याकडे कोणाला अक्कल नाही."

"माझ्या आईवर जाऊ नका हं, काकू."

यावर त्या बाई हसल्या. धाप लागली होती तरी हसल्या. मग बोलायला लागल्या. आठव्या मजल्यावर त्यांची धाकटी बहीण राहते. कशावरून तरी दोघींचं बिनसलं होतं आणि वर्षभर बोलणं बंद होतं. आज यांनीच फोन करून येते म्हणून सांगितलं होतं. "ती दारात उभी असेल," त्या म्हणाल्या. "वेळ होऊन गेली. तिला वाटेल, ही आलीच नाही. नेहमीसारखा शब्द फिरवला. आता ती पुन्हा कधी दार उघडायची नाही बघ." आणि त्या रडायला लागल्या.

"बोलत राहा काकू," असं म्हणत गोटीनं दुसऱ्या हातानं इमारतीच्या पहारेकऱ्याला फोन लावला. त्याला त्यांच्या बहिणीला बोलवायला आठव्या मजल्यावर जिन्यानं पिटाळलं. तेवढ्यात मॅडमचं दार उघडलं आणि त्या गोटीच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. गोटीनं त्यांना पाहिलं, पण बोलणं थांबवलं नाही. अंड्यांवरून टोमण्यांची देवाणघेवाण चालूच राहिली.

मग स्पीकरवर दुरून, लिफ्टच्या दारापलीकडून, आणखी एक आवाज आला. "अगं, लिफ्टनं कशाला आलीस? ही लिफ्ट म्हणजे रडतराऊत आहे, तुला ठाऊक नव्हतं का?"

"मला कसं ठाऊक असणार? वर्षभर तू बोलावलं होतंस का?"

"तू यायचं होतंस."

"आले ना आज!"

त्यापुढे दोघी एकदमच बोलायला लागल्या आणि काहीच कळेना. ताई तोंडाला पदर लावून हसत होती आणि डोळेही पुसत होती. मॅडमनी खुर्ची ओढली आणि त्या बसल्या. मेकॅनिकनं दार उघडल्याचा खडखडाट होईपर्यंत खोलीत कोणी हललं नाही. बाहेर पाऊल टाकण्याआधी त्या बाई म्हणाल्या, "पोरी, आहेस का अजून?"

"आहे, काकू."

"टोक खालीच ठेवायचं असतं." आणि संभाषण संपलं.

"तू चाचणी मोडलीस," मॅडम म्हणाल्या. "आता वर काय सांगू मी?"

"मीच येते सांगायला," गोटी म्हणाली. तिचा आवाज खणखणीत होता. मी तिला इतकी वर्षं आतून ओळखत होतो, पण असा आवाज कधी ऐकला नव्हता.

वर काय झालं ते मी पाहिलं नाही. एवढं कळलं की त्या दुपारचं बोलणं तिनं वरच्यांना सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकवलं, टेपच्या उत्तरांसकट. तिथेही काही जण कुरकुरले. अखेर ठरलं ते असं: 'तुमची तक्रार नोंदवली आहे' एवढंच टेप म्हणेल, पण त्यानंतर माणसानं उचलायचं आणि दार उघडेपर्यंत सोडायचं नाही. आता 'शांत राहा' कोणी म्हणत नाही.

माझं काय झालं? संध्याकाळी ताईनं पिशवी उचलली होती. गोटी म्हणाली, "ताई, तुझ्या मुलीला मी दुसरा करून देते, तिच्या मापाचा." आणि दिला करून; बाबांनी त्यालाही सोफ्याचाच गोंद दिला. मेळावा पुन्हा भरतो, पूर्वीपेक्षा लहान. शेवट बरोबर होता की फसवणूक होती यावर वाती अजून हमरीतुमरीवर येतात. गोटी तिथे जाते, मनसोक्त वाद घालते आणि दीपपालावरचं तिचं प्रेम लपवत नाही. वय काय आणि नाद काय, असं कोणी म्हटलंच तर आता ती वेळ मारून नेत नाही. "बसा, सांगते," असं म्हणते.

मी त्या घंटेच्या खोलीत कपाटावर असतो. माझ्या कडांना भेगा पडल्यात, गोंद मात्र सुटलेला नाही. ती खोली आता गोटी सांभाळते. मित्रांनो, तुमच्या घरातही कोणी असेल, न जन्मलेल्या माणसाला जीव लावून बसलेलं. त्याला हसू नका. त्यानं त्याच्याकडून काय ऐकलंय ते एकदा विचारा. आणि माझ्यासारखं काही कपाटावर पडलेलं असेल तर अधूनमधून ते पुसत जा, पोकळ वस्तूत धूळ फार लवकर साचते.

कामाला नवीन माणसं आली की पहिल्या दिवशी गोटी मला खाली काढते आणि उलटा करून त्यांच्यासमोर धरते.

"आत बघा," ती म्हणते. "कोणी नाही. म्हणून तुम्हाला इथे बसवलंय."